तांबडी पेटी, पांढरी चकती

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. १८९० साली ९ ऑगस्टला जन्मलेला, १९०८ साली ‘ललितकलादर्श’ काढणारा आणि १९२१ साली ऐन एकतिशीत गेलेला हा गायक नट; त्याच्या नावाचे घर त्याच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्री जळावे, हा योग कोणा नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला अतिरेकी म्हटले असते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात हे ‘पॅलेस थिएटर’ उभारले. लाकडी रंगमंच, छत, खुर्च्या असे आतले बहुतेक सर्व गेले. दगडी दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. आमच्या कोडोलीतून दुसऱ्या दिवशी जे जे कामाला कोल्हापुरास गेले, ते ते वाट वाकडी करून खासबागेकडे जाऊन आले आणि संध्याकाळी पारावर बसून गप्प राहिले. आमच्याकडची माणसे सहसा गप्प राहत नाहीत.

एक गोष्ट मात्र दैवाने बरी केली. त्या वेळी आत प्रयोग चालू नव्हता. जीवितहानी झाली नाही. पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. प्रयोग चालू असता तर शेकडो नाके आणि शेकडो डोळे आत असते. पहिल्या धुराच्या वेटोळ्याला कोणीतरी हटकले असते. रिकाम्या, कुलूपबंद इमारतीत आग लागली तर ती सर्वांत आधी कोणाला कळते? त्या रात्रीची चौकशी करण्याचे हे ठिकाण नव्हे. पण या प्रश्नाला माणसाने पावणेदोनशे वर्षांत जी उत्तरे शोधली, त्यांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. आणि ती उत्तरे आपल्या डोक्यावर, छताला चिकटून बसलेली असतात, आपण मात्र त्यांच्याकडे वर मान करून पाहत नाही.

इशारा म्हणजे मुळात एक करार. वाजवणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने आवाजाचा अर्थ आधी ठरवून घेतलेला असावा लागतो. आम्ही पन्हाळ्याच्या पंचक्रोशीतली माणसे. आम्हांला हे शिकवायला नको. १६६० सालच्या जुलैत महाराज विशाळगडावर पोहोचले की तोफा वाजतील, हे ठरलेले होते आणि घोडखिंडीत बाजीप्रभू त्या आवाजासाठी कान देऊन होते, असे परंपरा सांगते. त्याच तोफा आदिलशाही फौजेच्या कानांवरही पडल्या असतील. पण तिला त्या नुसत्या तोफा होत्या. वारणानगरच्या साखर कारखान्याचा भोंगा आमच्या गावाच्या अंगवळणी पडला आहे. पाळीचा भोंगा झोपेत ऐकूनही माणूस कूस बदलून झोपतो. तोच भोंगा अवेळी झाला की ताडकन उठून बसतो. आवाज तोच, पण त्याचा अर्थ निराळा.

या करारात वीज शिरली ती १८५२ साली, अमेरिकेत बोस्टन शहरी. चॅनिंग नावाचे एक डॉक्टर आणि फार्मर नावाचे एक तारयंत्रज्ञ, अशा दोघांनी शहरात जागोजागी पेट्या बसविल्या. पेटीतली मूठ फिरवली की तारेने मुख्य कचेरीत त्या पेटीचा क्रमांक उमटे आणि गावातल्या घंटा ठरावीक ठोके देत. कल्पना नामी होती. पण पहिल्याच खऱ्या आगीच्या वेळी काय झाले, तर घाबरलेल्या माणसाने मूठ इतक्या वेगाने गरगरा फिरवली की कचेरीत कोणाला काही वाचता येईना. शेवटी तो बिचारा पायीच धावत कचेरीत गेला आणि तोंडाने सांगून मोकळा झाला!

हे वाचून हसू येते, पण आपल्या मुंबईत असाच एक प्रसंग घडला, त्याला हसता येत नाही. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटक माल. दुपारी गाठींतून धूर दिसला. आग साधी नाही, हे बंबखान्याला कळावे म्हणून टेलिफोनवरून एक सांकेतिक निरोप द्यायचा होता. निरोप्या धावला, पण ज्या टेलिफोनपाशी तो पोहोचला, त्याला क्रमांक फिरवायची तबकडीच नव्हती. मग त्याने जवळच्या धोक्याच्या पेटीची काच फोडली. पेटीने आपले काम चोख केले. पण तिला ‘आग’ एवढा एकच शब्द येत होता. ‘दारूगोळा’ हा शब्द तिला शिकवलेलाच नव्हता. रोजच्या रिवाजाप्रमाणे दोन बंब आले. स्फोटक माल असल्याची खूण म्हणून तांबडे निशाण लावायचे, तेही जहाजावर नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो यांच्यासाठी.

नाटकाच्या प्रेमिकांनी आणखी एक साल ध्यानात ठेवावे, १९०३. पॅलेस थिएटरचा पाया घातला त्याच्या दहा वर्षे आधी शिकागोत ‘इरोक्वॉइस’ नावाचे नवे कोरे, कधीही न जळणारे म्हणून गाजवलेले नाटकगृह दुपारच्या खेळाला पेटले आणि सहाशेंवर माणसे मेली. त्यांत सुट्टीची म्हणून आलेली बायकामुले फार. त्या नाटकगृहात धोक्याची पेटी नव्हती. बंब बोलावायला रंगमंचावरचा एक कामगार पळत गेला. बाहेर पडण्याची काही दारे शोभेच्या पडद्यांमागे झाकली होती. आपल्याकडच्या मंगल कार्यालयांत झेंडूच्या माळा आणि झिरमिळ्यांचे पडदे कशाकशावरून सोडलेले असतात, ते पुढच्या लग्नात जरा पाहा.

पण हे झाले माणसाने दिलेल्या इशाऱ्याचे. माणूस नसताना इशारा कोण देणार? उष्णतेने चालणारा विजेचा पहारेकरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. धुराचा पहारेकरी मात्र अपघाताने सापडला. १९३० नंतरच्या दशकात वॉल्टर येगर नावाचा एक स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र करू पाहत होता. वायू सोडला तरी काटा हलेना. वैतागून त्याने सिगारेट शिलगावली, आणि काय आश्चर्य, काटा हलला! विषाला दाद न देणाऱ्या यंत्राने धुराला दाद दिली. व्यसनाने शास्त्राची केलेली सेवा म्हणून ही गोष्ट सांगतात. मुलांना सांगताना अर्थातच जपून सांगावी.

आजच्या बहुतेक यंत्रांत याहून साधी युक्ती असते. जुन्या घरात कौलाच्या फटीतून कवडसा येई. हवा स्वच्छ असली की तो जमिनीवरचा ठिपका तेवढा दिसे. आईने चूल फुंकली आणि धूर झाला, की तो अख्खा कवडसाच खांबासारखा उजळून निघे. छतावरच्या चकतीच्या पोटात अशीच एक अंधारी कोठडी आहे. तिच्यात प्रकाशाचा एक बारीक किरण असतो आणि त्याच्या वाटेवर नव्हे, तर बाजूला एक विजेचा डोळा बसवलेला असतो. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, डोळ्याला दिसतो आणि घंटा होते.

आता प्रत्यक्ष ओळख करून घेऊ. दवाखाना, बँक, नाट्यगृह, महाविद्यालय, कुठेही गेलात तरी प्रथम जिन्याचे तोंड आणि बाहेरचे दार पाहा. तिथे छातीच्या उंचीला तळहाताएवढी तांबडी पेटी असते, पुढे काच किंवा दाबायची पट्टी. हीच ती धोक्याची पेटी. बोस्टनच्या पेटीची पणती म्हणा. तिच्या आसपास, जरा वर, तांबडा भोंगा. मग छताकडे पाहा. वाटीएवढी पांढरी चकती, कडेला बारीक खाचा, मधूनमधून लुकलुकणारा मुंगीएवढा दिवा, असे दिसले की ती धुराची चकती. स्वयंपाकघरात मात्र ती बसवीत नाहीत, नाहीतर मिरचीच्या ठसक्याच्या फोडणीला रोज बंब बोलवावा लागेल. तिथे बसते तिची बहीण, उष्णतेची चकती. तिचे नाक जरा पुढे आलेले असते आणि ती धुराला नव्हे, तापलेल्या हवेला ओरडते. नाट्यगृहासारख्या उंच छताखाली धूर चकतीपर्यंत पोहोचेतो विरून जातो, म्हणून तिथे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अदृश्य किरण सोडतात. भिंतीवर उंचावर समोरासमोर बसवलेल्या लहान पेट्या दिसल्या तर त्या त्याच्या. आमच्या घरची पोरे तीन वस्तूंत नेहमी गोंधळतात, म्हणून सांगतो. काळ्या काचेचा घुमट दिसला तर तो कॅमेरा. बारीक काचेची नळी आणि तिच्यात तांबडे पाणी दिसले तर तो पाण्याचा फवारा. हवा साधारण ६८ अंशांपर्यंत तापली की ती नळी फुटते आणि पाणी सुटते. त्याच्यावर कपड्यांचा हँगर अडकवू नये.

आणखी एक खूण सहज निसटते. रंगकाम करताना धूळ जाऊ नये म्हणून चकतीवर प्लास्टिकची टोपी घालतात आणि काम संपल्यावर ती काढायची राहून जाते. टोपी घातलेली चकती म्हणजे डोळे बांधलेला पहारेकरी.

हे सर्व जिथे येऊन मिळते ती कपाटवजा पेटी दाराजवळ किंवा पहारेकऱ्याच्या खोलीत असते. हिरवा दिवा म्हणजे वीज चालू, तांबडा म्हणजे आग, पिवळा म्हणजे यंत्रातच काही बिघाड. मागे एका लग्नाला गेलो असता अशा पेटीवर पिवळा दिवा पाहिला. पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, “ते तसंच पेटलेलं असतंय बघा, काका. मी लागल्यापासनं.” “आणि लागून किती दिवस झाले?” “दोन वर्सं झाली की.” मग मोठ्या आपुलकीने त्याने मला चहा पाजला.

महाराष्ट्रात आगीपासून संरक्षणाचा कायदा २००६ सालचा आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ही यंत्रणा चालू असल्याचा दाखला इमारतीच्या मालकाने द्यायचा असतो. कायद्याला नावे ठेवायला जागा नाही. तरी ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली, तेव्हा दार उघडणाऱ्या परिचारिकेला धूर दिसला, आणि मग धावपळ झाली. दहा बाळे गेली. दिवाळीच्या अंकात हे लिहू नये असे क्षणभर वाटले; पण अंक घरोघर वाचला जातो आणि दवाखान्याची पायरी घरोघरच्या माणसांना चढावी लागते, म्हणून लिहिले.

कोल्हापूरच्या जळालेल्या नाट्यगृहाची फेरउभारणी हाती घेण्यात आली. ‘मानापमान’ नाही तर ‘सौभद्र’, कोणत्याही निमित्ताने तिथे जाल तेव्हा पहिली घंटा होण्याआधी पाच मिनिटे पोराबाळांना घेऊन जरा आत फिरा. छताखाली समोरासमोरच्या त्या लहान पेट्या कोणाला आधी दिसतात, याची पैज लावा. तांबडी पेटी कोणत्या दाराशी आहे ते मोजून ठेवा. आणि बाहेर पडता पडता दाराजवळच्या कपाटावर कोणत्या रंगाचा दिवा आहे, तेवढे बघून या.