चार गॅलनचे डबे आणि एक बैलगाडी

नेहमीप्रमाणे टेमघरहून बोलतोय. मुळशीचं धरणवालं नाही, आमचं भिवंडीचं. मागे लूमचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, ब्लॉगवर वाचणाऱ्यांना तेवढा फायदा.

सुरुवात आमच्या बाबांच्या चेतकपासून करतो. तिला पेट्रोलचा काटा नव्हता. बाबा टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचे, नाहीतर गाडी हलवून आवाज ऐकायचे. आणि रांजणोली नाक्यावर गाडी गचके द्यायला लागली की हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर. आता पंप सापडेपर्यंत जायचं, विषय संपला. विमानाला मात्र रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही. म्हणून लहान विमानांचा इतिहास हा बराचसा पेट्रोलच्या हिशोबाचाही इतिहास आहे, आणि आपल्याकडे तो १५ ऑक्टोबर १९३२ ला सुरू होतो असं मी म्हणेन.

त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला जेआरडी टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. विमान डी हॅविलँड कंपनीचं पस मॉथ. एक इंजिन, बंद केबिन, वैमानिक धरून दोन-तीन माणसांची जागा. सोबत साधारण २५ किलो टपाल. मुक्काम जुहू, आणि मध्ये एक थांबा अहमदाबादला. तिथे पेट्रोल भरायचं होतं. ते बर्मा शेलच्या चार-चार गॅलनच्या डब्यांतून आलं, बैलगाडीवरून! दुपारी दोनच्या आत जेआरडी जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट दुसऱ्या पस मॉथमधून बेल्लारीमार्गे मद्रासकडे टपाल घेऊन गेले.

बैलगाडीचा किस्सा सगळे सांगतात आणि हसून पुढे जातात. मला तो डबा महत्त्वाचा वाटतो. चार इंपीरियल गॅलन म्हणजे साधारण १८ लिटर. डबे मोजले की विमानात किती पेट्रोल गेलं ते कळलं. काट्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही. त्या काळी असं डब्यातलं पेट्रोल शॅमॉय कातड्यातून गाळून ओतायची पद्धत होती, कारण त्यातून पेट्रोल जातं, पाणी अडतं. टाकीच्या तळाशी पाणी साचलं आणि ते इंजिनात गेलं, तर टाकी भरलेली असूनही इंजिन बंद पडतं. आजही सेस्नासारखं विमान उडवण्याआधी शिकाऊ पोरं टाकीखालच्या व्हॉल्व्हमधून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून बघतात. कोकणातल्या दमट हवेत तर बघायलाच हवं.

आता गणित. कराची ते अहमदाबाद सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर, मध्ये कच्छचं रण. ताशी १६० ने गेलात तर पावणेचार तास. समोरून ताशी ३० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग १३०, म्हणजे साडेचार तासांहून जास्त. पाऊण-एक तासाचं पेट्रोल जास्तीचं लागलं, आणि विमानात रेडिओ नाही. वारा वाढलाय हे खालच्या खुणा आणि हातातलं घड्याळ बघूनच कळणार. मग परत फिरायचं की पुढे जायचं, हे वेळेत ठरवायचं.

मग जास्तीचं भरून का नाही घ्यायचं? इथेच खरी गोम आहे. विमानाचं पेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो भरतं. ७० किलोचा माणूस म्हणजे जवळपास ९७ लिटर. टाटांच्या या सेवेला सरकारचं अनुदान नव्हतं. कमाई टपालाच्या वजनावर. म्हणजे जास्त पेट्रोल घेतलं की कमाईचं वजन कमी होणार, आणि कमी घेतलं की जीव टांगणीला. तरीही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात त्यांनी १,६०,००० मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी नेले आणि ६०,००० रुपये नफा कमावला. प्रवासी किती कमी बघा. आधी टपाल, मग पेट्रोल, उरलेल्या जागेत माणूस.

हा तिढा आजही सुटलेला नाही. चार जागांच्या सेस्ना १७२ मध्ये चार धडधाकट माणसं आणि पूर्ण भरलेल्या टाक्या असं दोन्ही बहुतेक वेळा बसत नाही. मित्रांना फिरवायला निघालेल्या वैमानिकाला कुणाला तरी "तू नंतर ये" म्हणावं लागतं, नाहीतर पेट्रोल कमी घ्यावं लागतं. माणसाला नाही म्हणणं जड जातं, पेट्रोल काही बोलत नाही. अमेरिकेत यासाठी किमान राखीव साठ्याचा नियम आहे: नजरेवर उडताना दिवसा ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं इंधन शिल्लक राहील असं धरूनच निघायचं. चेतकचा रिझर्व्हच म्हणा, फक्त तो वापरायचा नाही असं ठरवून निघायचं.

आणि मोठ्या विमानांना हे लागू नाही असं समजू नका. १५ नोव्हेंबर १९९३, इंडियन एअरलाइन्सचं मद्रास-हैदराबाद एअरबस. हैदराबादला धूसर हवेमुळे उतरता आलं नाही, आणि वर जाताना पंखांचे फ्लॅप आत जाईनात. मद्रासला परत निघाले, पण उघड्या फ्लॅपमुळे हवेचा विरोध वाढलेला, इंधन भराभर संपत गेलं. शेवटी तिरुपतीजवळ भाताच्या शेतात उतरवलं. सगळे वाचले. इंधन पुरेल हा हिशोब बंद फ्लॅपचा होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'इनपुट बदललं, आउटपुट जुनंच वापरलं' म्हणतो. आमच्याकडे त्याने फार तर सर्व्हर पडतो.

जाता जाता एक. लहान पिस्टन विमानांना लागणारं अ‍ॅव्हगॅस हे जेट विमानांच्या इंधनापेक्षा वेगळं असतं. ओळखायला सोपं जावं म्हणून निळं रंगवलेलं. चुकून जेटचं भरलं तर इंजिन उड्डाणानंतर थोड्याच वेळात दगा देऊ शकतं. हे अ‍ॅव्हगॅस आपण कित्येक वर्षं बाहेरून आणत होतो. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात बनवून बाजारात आणलं, वडोदऱ्याच्या रिफायनरीत. नकाशा उघडून बघा, वडोदरा अहमदाबादपासून शंभरेक किलोमीटरवर आहे, मुंबईच्या दिशेला. म्हणजे जेआरडींच्या वाटेवरच.

चला, लाइट जायच्या आत हे अपलोड करतो. भेटू पुढच्या भागात.