जांघेतली उडणारी गाठ

इच्छापोर सुरतच्या हजिरा रस्त्यावर आहे. तिथल्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या पोरांपैकी एक, खानदेशातून आलेला, मी कल्पिला आहे. त्याचा आजार मात्र खरा आहे.

१२ दिवस आधी
हाताच्या शिरा सुयांनी केव्हाच निकामी झाल्यात, म्हणून तो नशेची सुई जांघेत टोचतो. तिथे नीला आतल्या बाजूला, धमनी तिला लागूनच बाहेरच्या बाजूला. आज सुई चुकली. सिरिंजमध्ये लालभडक रक्त उसळलं. अंगठा दाबून धरला, रक्त थांबलं, तो विसरला.

४८ तास आधी
थंडी वाजून ताप. जांघेत लिंबाएवढी गाठ, रात्रभर ठणका.
“गळूच शे भो, पिकी जाई,” खोलीतला सोबती म्हणतो.
आत घडतंय ते वेगळंच. कातडीवरचे, सुईवरचे जंतू, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, धमनीच्या भिंतीत शिरलेत. भिंत कुजतेय. भोकातून निसटलेलं रक्त आजूबाजूच्या मांसाच्या पातळ वेष्टनात अडकून राहिलंय. त्या फुग्याला धमनीची स्वतःची भिंत नसते, म्हणून डॉक्टर त्याला खोटा अ‍ॅन्युरिझम म्हणतात.

२४ तास आधी
पाळी बुडवली. तळहात ठेवला की गाठ नाडीबरोबर उडते. ही खूण फार मोलाची, पण दरवेळी सापडत नाही. सूज आणि साकळलेलं रक्त ठोके झाकून टाकतात. म्हणूनच सुई टोचणाऱ्याच्या जांघेतल्या कुठल्याही गळवाला चिरा देण्याआधी डॉपलर सोनोग्राफी व्हायलाच हवी.

६ तास आधी
“इथे काही टोचलं होतं का?” डॉक्टर विचारतात.
“नाही.”
या एका शब्दाशी मी अडखळते. त्यामागे पोलिसांची भीती आहे, कंत्राटदाराची आहे, गावाकडच्या आईची तर सगळ्यात जास्त. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देतं. हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तो गोळ्या घेऊन परततो.

१ तास आधी
गाठीवरची कातडी ताणून चकाकतेय, मधोमध काळपट. तिथून ताजं रक्त पाझरतं आणि थांबतं. फुटण्याआधीचा हा इशारा. १०८ ला फोन करायची वेळ हीच. खोलीतले सोबती टॉवेल गुंडाळतात.

शून्य
ओळखीचा कंपाउंडर ब्लेड लावतो. पू येत नाही. धार उडते, भिंतीपर्यंत. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. मांडीची धमनी फुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. आणि मजुरा गेटचं सिव्हिल हॉस्पिटल तापीच्या पलीकडे.

वेळेत पोचलेल्यांवर शस्त्रक्रिया होते. धमनी बांधून कुजलेला भाग काढतात. जीव वाचतो, कधी कधी पाय मात्र जातो.

तुमच्या खोलीत, तुमच्या गल्लीत असा कुणी असेल तर गाठ चिरू नका, पिळू नका, शेकू नका. रक्त आलं तर जाड कापड ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा. थांबलं का ते पाहायला हात उचलू नका. १०८ ला बोलवा. व्यसनातून सुटायचं असेल तर १४४४६ वर फोन करा. आणि डॉक्टरांना सुईचं आधी सांगा, तापाचं नंतर.