हसण्यातला इतिहास

इतिहास म्हणजे सनावळी आणि राजांची वंशावळ, ही समजूत इंग्लंडातल्या शाळांतही होतीच. टेरी डिअरी या लेखकाने १९९३ पासून ‘हॉरिबल हिस्टरीज’ या मालेतील पुस्तके लिहून तिला सुरुंग लावला. २००९ साली बीबीसीने त्या पुस्तकांवरून मुलांसाठी दूरचित्रवाणीवर छोट्या विनोदी प्रवेशांची मालिका सुरू केली. सहाएक नटनट्या, रोज नवी सोंगे. चार जॉर्ज राजे एकत्र येऊन हल्लीच्या पोरांच्या गायकमंडळासारखे गातात. मूर्खपणाने मेलेल्यांची कहाणी ऐकून प्रत्यक्ष मृत्यू हसतो. मध्येच एक बाहुला उंदीर येऊन सांगतो, की हे खरेच घडले बरे! तपशील तपासायला ग्रेग जेनर हे इतिहासकार होते. या मालिकेने मोठ्यांच्या कार्यक्रमांना मागे टाकून २०१० सालचे ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांचे पारितोषिक घेतले.

राजांची टिंगल आम्हांला आवडलीच. पण आम्ही थबकलो ते एका गाण्यापाशी. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील कामकरी मुले आपल्या कामाचे रडगाणे हसतहसत गातात. त्यामागचा इतिहास कोरडा नाही. विलायतेच्या १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी केली. त्याच विलायतेच्या राज्यात हिंदुस्थानसाठी १८८१ साली कायदा झाला, तेव्हा ही मर्यादा ठरली सात वर्षांची! सात ते बारा वर्षांच्या पोराने नऊ तास राबावे, हे मुंबईच्या गिरण्यांत कायदेशीर होते.

या गाण्यात दोष कोणा एका दुष्ट मालकाचा नाही, सगळ्या व्यवस्थेचा आहे. नेमके हेच दुसऱ्या एका प्रवेशात सुटले. मेरी सीकोल ही १८०५ साली जमैकात जन्मलेली, मिश्र वंशाची, औषधोपचार जाणणारी बाई. क्रिमियाच्या युद्धात जखमींची सेवा करायची तयारी तिने लंडनमध्ये दाखवली, आणि तिला नकार मिळाला. प्रवेशात हा नकार फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तोंडी घातला, तोही वर्णद्वेषाचा. नाइटिंगेलबाईंच्या चाहत्यांनी तक्रार केली आणि २०१४ साली बीबीसीच्या विश्वस्त मंडळाने ती मान्य केली: त्यांनी स्वतः नकार दिल्याचा पुरावा नाही.

तक्रार रास्त होती. पुढे एका खाजगी पत्रात नाइटिंगेलबाईंनी सीकोलबाईंविषयी बरे लिहिले नाही, हे खरे. पण नकार देणे ही वेगळी गोष्ट. मग प्रवेश लिहिणाऱ्यांनी असे का केले? आमच्या मते कारण साधे आहे. सोंगाला तोंड लागते आणि कचेरीला तोंड नसते. आम्ही गेटसभांत पाहतो, साहेबाच्या नावावर टाळी चटकन पडते. नियमाच्या कलमावर पडत नाही, मग पगार त्या कलमाने का कापलेला असेना. नाइटिंगेलबाईंचे नाव पोराटोरांना ठाऊक, म्हणून दोष त्यांच्या पदरात पडला, आणि ज्यांनी खरोखर दार लावले ते प्रेक्षकांच्या नजरेआड सुखरूप राहिले. तक्रारीच्या निकालानेही त्यांना कोणी पुढे ओढले नाही. नाइटिंगेलबाई निर्दोष, एवढ्यावर वाद मिटला. सीकोलबाईला नाकारले कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

ही कचेरी मुलांना दाखवणे अशक्य नव्हते. टेबलामागे टेबल, प्रत्येक कारकून पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो: यापेक्षा हसवणारे सोंग कोणते? आपल्याकडे तर ते रंगवायला नटही लागणार नाहीत.

आणि सामग्री हाताशी होती. सीकोलबाई स्वतःच्या जबाबदारीवर १८५५ साली क्रिमियात पोचली, बालाक्लावाजवळ तिने ‘ब्रिटिश हॉटेल’ थाटले, आणि १८५७ साली आपले आत्मचरित्र छापले. युद्धखाते, रसदखाते, वैद्यकखाते: कोणकोणत्या दारांवरून परत यावे लागले, ते तिने त्यात एकामागून एक लिहून ठेवले आहे.