गाणं कोणापुढं म्हणायचं?

माझा आजा एम्प्रेस मिलात होता. पाळी सुटली की केसातला कापूस तसाच घेऊन इंदोऱ्यात यायचा, भाकर खायचा आन् ढोलकी काढायचा. हे मी पाहिलेलं नाही, आजीच्या तोंडून ऐकलेलं. मी पाहिला तो म्हातारा आजा. मिल 2002 साली बंद पडली, त्यानंतरही तो दहाएक वर्षं जगला. ढोलकी खुंटीवर होती. गाण्यांची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. ती मी रद्दीत विकली. आजा जाऊन महिनाही झाला नव्हता. गठ्ठ्याचं वजन भरत नव्हतं, म्हणून वही वरून टाकली. त्या पैशाचं काय खाल्लं तेही आठवत नाही.

दोस्तहो, मी इतिहास शिकलेला माणूस नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात उभा राहतो. वाचलं ते रात्रपाळीनंतर, डोळे चोळत. पण त्या वहीत काय होतं ते शोधता शोधता जे हाती लागलं ते तुमच्यापुढं मांडतो.

आंबेडकरी जलसा काही आभाळातून पडला नाही. ढोलकी, तुणतुणं, हलगी ही सगळी आपल्याच हातातली. हलगी तर मेलेल्या जनावराच्या कातड्याची. गावानं वाजवायला लावली म्हणून वाजवली. लग्न गावाचं, वाजवणार आपण, जेवायला मात्र सगळ्यांच्या शेवटी, लांब बसून. तमाशाच्या फडातही तेच. नाचणारी बाई आपली, दौलतजादा करणारे हात दुसऱ्यांचे. जोतीरावांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला, त्या चळवळीच्या लोकांनी पुढं हाच तमाशा उचलून भटशाहीविरुद्ध जलसे उभे केले. आपल्या माणसांनी त्याच्याही पुढं नेला.

2 मार्च 1930 ला नाशिकला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच नाशिककडचे भीमराव कर्डक. त्या काळात नाशिक जिल्हा युवक संघाच्या जलशानं गावं पालथी घातली. जलशाची मांडणी पाहा. सुरुवातीला गण असतो, त्यात बाबासाहेबांना वंदन आलं. गौळणीला रजा दिली, बाई नाचवणं बंद. वगाच्या जागी रोजच्या जगण्यातले फार्स आले. त्यात सावकार, देवळातला बडवा, मेलेलं ढोर ओढणारा आणि त्यावर हक्क सांगणारा आपलाच म्हातारा, पोराला शाळेत न घालणारा आपलाच बाप. लोक आधी हसायचे. हसता हसता कळायचं की आपण आपल्यालाच हसतोय. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याला महाड कळलं, येवला कळलं, 1937 च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाला मत का द्यायचं तेही कळलं. आपल्या दहा सभांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जुने कार्यकर्ते सांगत आले. पुण्यामुंबईलाही जलसे निघाले. गाणारे कोण? गिरणीतले, गोदीतले, रेल्वेतले. पाळी संपवून यायचे.

बाबासाहेबांनी जलसा जवळ केला, पण तमाशा नाही. पठ्ठे बापूरावांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. जातीनं ब्राह्मण, मोठा शाहीर. फडात पवळा नाचायची, ती आपली. महाडच्या सत्याग्रहासाठी त्यांनी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली. बाबासाहेबांनी ती नाकारली. आपली बाई नाचवून आलेला पैसा नको. चळवळीकडं तेव्हा दमडी नव्हती. तरी नको.

आता जरा लांब जातो, अमेरिकेत. कारण पैशाचा आणि गाण्याचा हाच पेच तिथं उलट्या बाजूनं सुटला.

टेनेसी राज्यात नॅशव्हिल नावाचं शहर आहे. गुलामगिरी संपल्यावर 1866 साली तिथं सुटलेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. इमारती म्हणजे लष्कराच्या जुन्या इस्पितळाच्या बराकी. कर्ज एवढं की शाळा बंद पडायची पाळी. 1871 च्या ऑक्टोबरात खजिनदार जॉर्ज व्हाईट नऊ पोरापोरींना घेऊन गात गात पैसा गोळा करायला निघाला. बहुतेक पोरं गुलामीतच जन्मलेली. एला शेपर्ड नावाची मुलगी पियानोवर. सुरुवातीला ती गोऱ्यांचीच गाणी म्हणायची. आपल्या आईबापांची कापसाच्या शेतातली भजनं चारचौघांत म्हणायची त्यांना लाज वाटायची, आणि भीतीही. ती गाणी म्हणजे गुलामीची आठवण, वर पवित्र. गोऱ्यांपुढं ती उघडी कशी करायची? पण तीच म्हटली तेव्हा सभागृह रडलं. ज्युबिली सिंगर्स हे नाव वाटेतच पडलं. हॉटेलवाले काळे म्हणून खोली नाकारायचे. 1873 साली ते इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढं गायले. (तीच राणी 1877 साली हिंदुस्थानची एम्प्रेस झाली आणि तिच्या पदवीचं नाव आमच्या आज्याच्या मिलाला लागलं. इतिहास कुठून कुठं सूत काढतो बघा.) त्या पैशातून ज्युबिली हॉल बांधला, तो आजही उभा आहे. पुढच्या शतकातली गॉस्पेल गाणी याच मुळावर वाढली.

आणि त्याच 1873 साली पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली. अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या माणसांना, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करायला मदत केली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

मी बरेच दिवस भांडत होतो या फिस्कवाल्यांशी, मनातल्या मनात. वाटायचं, मालकाच्या जातीपुढं आईचं रडणं विकलं. आपल्या जलशानं तसं केलं नाही. तो आपल्याच वस्तीत, आपल्याच लोकांपुढं उभा राहिला. मग कळलं की त्याच फिस्कमध्ये पुढं डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस शिकला, 1888 साली पदवीधर झाला. 1903 च्या आपल्या पुस्तकात त्यानं या गाण्यांवर अख्खं प्रकरण लिहिलं. आणि त्याच डुबॉइसला 1946 साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं, निग्रोंनी युनोकडं केलेल्या अर्जाची माहिती मागायला. गाण्याच्या पैशातनं उभ्या राहिलेल्या शाळेचा माणूस, आणि गाण्याचा पैसा नाकारणारा आपला बाप. पत्रानं जोडलेले. मग मी भांडण सोडलं. त्यांच्यापुढं शाळा वाचवायची होती, आपल्यापुढं माणूस जागा करायचा होता.

पण एक हिशेब राहतोच. ज्युबिलीवाल्यांची गाणी लगेच 1872 सालीच सुरांसकट छापली गेली. आपला जलसा कोणी लिहून घेतला? 1978 साली भीमरावांनी स्वतः जलशांवर पुस्तक लिहिलं, म्हणून एवढं तरी ठाऊक. बाकी शेकडो माणसं, नाव नाही, वही नाही.

1956 नंतर जलसा ओसरला, गायन पार्ट्या आल्या, कव्वालीचे सामने आले. वामनदादा कर्डक अर्ध्या शतकावर गावोगाव गात राहिले, 2004 साली गेले. विठ्ठल उमप तर आपल्या नागपुरातच गेले, 26 नोव्हेंबर 2010 ला, दीक्षाभूमीवर मंचावर कोसळले.

यंदा 14 एप्रिलच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, डीजेच्या पैशात एक शाहीर बोलावू. एक पोरगा म्हणाला, "काहून बे, म्हाताऱ्यायसाठी जयंती हाय का?" मी गप्प बसलो. वही विकणाऱ्यानं काय बोलावं!

घरी आलो. आजी जागी होती. तिला म्हटलं, आज्याचं एखादं म्हण. म्हणाली, "मले शब्द नाई आठवत रे बाप्पा, ठेका आठवते." आणि खाटेच्या पाटीवर बोटांनी वाजवू लागली. मधेच एखादा शब्द यायचा, थांबायची, पुन्हा वाजवायची. पहाटेपर्यंत साडेचार ओळी झाल्या. पाचवी अर्धीच आहे. इंदोरा, बेझनबाग, पाचपावलीकडं कोणाच्या घरी त्या काळचं म्हातारं माणूस असेल तर कळवा. मी रविवारी मोकळा असतो. वही घेऊन येतो.