‘राष्ट्रीय प्रकल्प’ ठरतो कसा? कायद्यातल्या रेषा आणि सातबारा नसलेली माणसं

‘हा राष्ट्रीय महत्त्वाचा प्रकल्प आहे.’ रस्ता, रेल्वे, धरण किंवा बंदर येणार असलं की हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये हमखास ऐकू येतं. मोजणीला आलेले अधिकारी ते म्हणतात, बैठकीत पुढारी म्हणतात आणि प्रश्न विचारायला उठलेला माणूस खाली बसतो. हरकत घेतली तर आपण देशाच्या आड येतो की काय, असं त्याला वाटायला लागतं.

पण ‘राष्ट्रीय महत्त्व’ हा कायद्यातला शब्द आहे का? असेल तर कोणत्या कायद्यातला? किती मेगावॅटला, किती किलोमीटरला, कोणाच्या सहीने तो लागू होतो? आणि लागू झाल्यावर आपला नेमका कोणता हक्क जातो, कोणता शिल्लक राहतो? कार्यकर्त्यांनी हे प्रश्न हाताशी ठेवावेत, म्हणून ही माहिती एका ठिकाणी मांडत आहोत.

एक शब्द, अनेक कायदे

ब्रिटनमध्ये यासाठी एकच कायदा आहे. तिथल्या २००८ च्या नियोजन कायद्यात मूळ आकडे असे होते: जमिनीवरचं वीजनिर्मिती केंद्र ५० मेगावॅटच्या वर, समुद्रातलं १०० मेगावॅटच्या वर, विमानतळाची वाढ वर्षाला किमान एक कोटी प्रवाशांची. ही रेषा ओलांडली की प्रकल्प ‘राष्ट्रीयदृष्ट्या महत्त्वाचा’ ठरतो आणि परवानगीचा निर्णय स्थानिक परिषदेकडून मंत्र्यांकडे जातो.

भारतात असा एक कायदा नाही. पर्यावरण, महामार्ग, रेल्वे, पाटबंधारे, वन, भूसंपादन या प्रत्येकाची रेषा वेगळी आहे. या रेषा मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. एक आकड्याची: इतके हेक्टर, इतके मेगावॅट. दुसरी घोषणेची: सरकारने राजपत्रात जाहीर केलं की झालं. आकडा आपण मोजून तपासू शकतो. घोषणा मात्र मागून घ्यावी लागते, वाचावी लागते.

घोषणेची पद्धत संविधानातच आहे. सातव्या अनुसूचीतल्या केंद्रीय सूचीत नोंद २३ राष्ट्रीय महामार्गांची, २७ मोठ्या बंदरांची आणि ५६ आंतरराज्य नद्यांच्या विकासाची आहे. तिन्ही ठिकाणी संसदेच्या कायद्याने किंवा त्याखाली ‘घोषित’ होणं हीच अट आहे, आकडा कुठेच नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते आणि दामोदर खोरे योजनेला त्याच काळात आकार आला. मोठ्या प्रकल्पांना आपली चळवळ मुळातच विरोधी आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. प्रकल्प नको, असं आपण म्हणत नाही. त्याची किंमत कोण मोजतो आणि ती कोणाच्या नोंदीत येते, हा आपला प्रश्न आहे.

आकड्याची रेषा

१४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना प्रकल्पांची ‘अ’ आणि ‘ब’ अशी विभागणी करते. ‘अ’ गटाला केंद्राची परवानगी लागते, ‘ब’ गटाला राज्यस्तरीय प्राधिकरणाची. मूळ अधिसूचनेत ५० मेगावॅट आणि त्यावरचा जलविद्युत प्रकल्प ‘अ’ गटात होता. ५० हेक्टर आणि त्यावरची खाण, वर्षाला ५० लाख टन आणि त्याहून जास्त माल हाताळणारं बंदर, नवा राष्ट्रीय महामार्ग हेही त्याच गटात होते. पुढच्या दुरुस्त्यांनी यातले काही आकडे बदलले, म्हणून जुन्या पत्रकातला आकडा तसाच वापरू नये. रेल्वेमार्ग तर या यादीत नाहीतच.

‘अ’ गटासाठी आणि ‘ब’मधल्या पहिल्या उपगटासाठी जनसुनावणी सांगितली आहे. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो आणि सुनावणीचं चित्रीकरण करावं लागतं. तिला गणसंख्येची अट नाही. म्हणजे आपण गेलो नाही तरी सुनावणी पूर्ण झाली, असंच कागदावर येतं.

आकड्याची रेषा कशी चुकवली जाते, याचं ठळक उदाहरण उत्तराखंडातलं चारधाम रस्त्याचं काम आहे. २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि ठरावीक रुंदीपेक्षा जास्त जमीन घेतली जाणार असेल, तरच ही परवानगी लागते. सुमारे ९०० किलोमीटरचं काम ५३ तुकड्यांमध्ये विभागलं गेलं. एकही तुकडा १०० किलोमीटरच्या वर नव्हता, त्यामुळे मूल्यांकनच झालं नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने संरक्षणाची गरज मान्य करून रुंद रस्त्याला परवानगी दिली. जुलै २०२२ मध्ये सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या महामार्गांना या परवानगीतून सूट देणारी दुरुस्तीही आली.

एकाच रस्त्यावर दोन्ही रेषा दिसतात. मूल्यांकन टाळताना तो ५३ लहान कामं होता, रुंदी मागताना तो देशाच्या सुरक्षेचा रस्ता होता.

घोषणेची रेषा

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणताही रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित करू शकतं. लांबीची किंवा वाहनसंख्येची अट कलमात नाही. जमिनीसाठी कलम ३अ ची अधिसूचना निघते आणि त्यानंतर २१ दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. ३ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची होते.

रेल्वे कायद्यात २००८ साली ‘विशेष रेल्वे प्रकल्प’ ही संज्ञा आली. ठरावीक मुदतीत राष्ट्रीय पायाभूत सुविधा उभारण्यासाठी केंद्राने अधिसूचित केलेला प्रकल्प, इतकीच तिची व्याख्या आहे. इथे हरकतीला ३० दिवस मिळतात.

पाटबंधाऱ्यांत ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ आणखी वेगळा आहे. २००८ च्या केंद्रीय योजनेत ‘राष्ट्रीय प्रकल्प’ ठरण्याचे तीन निकष होते: आंतरराष्ट्रीय करारातला प्रकल्प, वादात अडकलेला आंतरराज्य प्रकल्प किंवा दोन लाख हेक्टरपेक्षा जास्त नवी सिंचनक्षमता असलेला राज्यांतर्गत प्रकल्प. विदर्भातला गोसीखुर्द २००९ मध्ये याच योजनेत गेला. त्याचं भूमिपूजन १९८८ मध्येच झालं होतं. राष्ट्रीय ठरल्यामुळे केंद्राच्या निधीचा वाटा ९० टक्के झाला. हा शिक्का पैशाचा होता, जमीन घेण्याच्या जादा अधिकाराचा नव्हता, तसाच पुनर्वसनाच्या हमीचाही नव्हता. धरणग्रस्तांची आंदोलनं त्यानंतरही चालू राहिली आणि २०१३ मध्ये राज्य सरकारला सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज द्यावं लागलं. म्हणून ‘राष्ट्रीय प्रकल्प’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच: कोणत्या कायद्याखाली?

रेषेपलीकडे काय जातं?

आपल्यासाठी खरा मुद्दा भूसंपादनाचा आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन नसलेल्या माणसालाही ‘बाधित कुटुंब’ म्हटलं. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या भागात शेतमजुरी, कूळ, वाटेकरी किंवा कारागीर म्हणून काम करणारं आणि ज्याची रोजी त्यामुळे बुडते, ते कुटुंब या व्याख्येत येतं. गावोगावच्या बौद्धवाड्यांमधली कितीतरी घरं याच वर्गातली आहेत.

याच कायद्यात खासगी कंपनीच्या प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती सांगितली आहे. मात्र ही टक्केवारी जमीनमालकांची आणि सरकारी योजनेतून जमीन मिळालेल्यांची आहे. शेतमजुराच्या संमतीला त्यात जागा नाही. संपादन ठरण्याआधी त्याची दखल घेणारं दार एकच आहे: सामाजिक प्रभाव निर्धारण. किती कुटुंबं बाधित होणार, कोणती वस्ती आणि सामायिक जागा जाणार, पर्यायी जागा पाहिली का, मागितलेली जमीन खरोखर कमीत कमी आहे का, हे सगळं त्यात पाहावं लागतं आणि बाधित भागात जनसुनावणी घ्यावी लागते.

‘राष्ट्रीय’ किंवा ‘पायाभूत’ हा शिक्का नेमकं हेच दार बंद करतो. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत १३ कायदे आहेत. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, कोळसा क्षेत्र, अणुऊर्जा, मेट्रो यांचे कायदे त्यातच येतात. त्यांच्याखालच्या संपादनाला सामाजिक प्रभाव निर्धारण लागत नाही. डिसेंबर २०१४ च्या केंद्रीय वटहुकमाने संरक्षण, ग्रामीण पायाभूत सुविधा, परवडणारी घरं, औद्योगिक कॉरिडॉर आणि सरकारी मालकीच्या जमिनीवरचे पायाभूत प्रकल्प अशा पाच वर्गांनाही सूट दिली. देशभर विरोध झाला आणि ऑगस्ट २०१५ अखेर तो वटहुकूम संपला. पण काही राज्यांनी तशीच सूट स्वतःच्या दुरुस्तीतून आणली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये कलम १०अ घातलं. त्यामुळे राज्य सरकार लोकहिताचं कारण देऊन अशा प्रकल्पांना अधिसूचनेने सूट देऊ शकतं. त्यासाठी प्रकल्प किती मोठा असावा, याचा आकडा त्यात नाही.

जमीनमालकाला नोटीस येते, कारण त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे. गायरानावर दोन पिढ्या घर करून राहिलेल्या कुटुंबाला नोटीस येत नाही. निर्धारण वगळलं की मालकाचा मोबदल्याचा प्रश्न उरतो, पण भूमिहीन माणूस प्रश्न म्हणूनही कागदावर येत नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या रेषेचा हा सामाजिक अर्थ आहे आणि तो जातीशी जोडलेला आहे, कारण गावात जमीन कोणाकडे आहे हेच जातीने ठरवलेलं आहे.

काय शिल्लक राहतं?

सूट म्हणजे सगळंच गेलं, असं मात्र नाही. इथे अनेक कार्यकर्ते उगाच हात टेकतात.

१. कलम १०अ ची सूट प्रकरण दोन आणि तीन यांच्यापुरती आहे, म्हणजे सामाजिक प्रभाव निर्धारण आणि अन्नसुरक्षेच्या तरतुदी. पुढची प्रकरणं त्यात येत नाहीत. कलम १५ खाली प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत देता येते. कलम १६ खाली प्रशासकाने बाधित कुटुंबांचं सर्वेक्षण करायचं असतं आणि त्यात भूमिहीनांची बुडणारी रोजीही नोंदवायची असते.

२. संपादन १०० एकर किंवा त्याहून जास्त असेल, तर कलम ४५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पुनर्वसन समिती नेमावी लागते. तीत बाधित भागात राहणाऱ्या अनुसूचित जातींचा एक आणि अनुसूचित जमातींचा एक प्रतिनिधी घ्यावा लागतो. ती जागा रिकामी आहे का, हे जाऊन पाहा.

३. कलम ४१ अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. त्यांच्या जमिनीच्या मोबदल्याचा किमान एक तृतीयांश भाग आधी द्यायचा आहे. जिल्ह्याबाहेर पुनर्वसन झालं तर पुनर्वसनाचे लाभ २५ टक्के जास्त आणि एकरकमी ५०,००० रुपये मिळतात.

४. चौथ्या अनुसूचीतल्या कायद्यांनाही २०१५ पासून मोबदला, पुनर्वसन आणि सुविधांच्या पहिल्या तीन अनुसूची लागू आहेत. दुसऱ्या अनुसूचीत नोकरी, एकरकमी पाच लाख रुपये किंवा २० वर्षं दरमहा किमान २,००० रुपये असा पर्याय आहे. स्वतःची घरजागा नसलेल्या, पण त्या भागात सलग तीन वर्षं राहून विस्थापित झालेल्या कुटुंबालाही घराचा लाभ आहे.

बौद्ध कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वेक्षणाच्या तक्त्यात नुसतं ‘बौद्ध’ लिहिलं गेलं आणि अनुसूचित जातीचा रकाना कोरा राहिला, तर कलम ४१ चे लाभ मागताना अडचण येते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना तो दर्जा दिला आहे. धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती, अशा दोन्ही नोंदी करून घ्या आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

कामाला कुठून लागायचं?

पहिल्या बातमीलाच लागायचं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्यानुसार, पायाभूत प्रकल्पाला अडथळा किंवा विलंब होईल असा मनाई हुकूम दिवाणी न्यायालय देऊ शकत नाही. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार आहे, पण तिथेही सुरुवातीचे कागद लागतात.

माहिती अधिकारात पाच गोष्टी मागा: संपादनाचा कायदा व कलम, राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत, कलम १०अ ची सूट असेल तर तो आदेश, पर्यावरण परवानगीतला गट, आणि कामाचे किती तुकडे पाडले त्याची यादी. माहिती द्यायची मुदत ३० दिवसांची आणि महामार्गाच्या हरकतीची २१ दिवसांची आहे. त्यामुळे उत्तराची वाट न पाहता हरकत आधी नोंदवा आणि पोच घ्या.

सोबत वस्तीची यादी स्वतः तयार करा: कुटुंबप्रमुख, राहण्याची वर्षं, काम, कोणाच्या शेतावर, रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादीतला क्रमांक. ती ग्रामसभेत वाचा, ठरावाला जोडा आणि भूसंपादन अधिकाऱ्याकडे दाखल करा. सरकारने निर्धारण वगळलं असेल, तर आपली माणसं सरकारी कागदावर आणण्याची सुरुवात या यादीपासून होते.

जय भीम.