पिरोजाची परीक्षा

पिरोजा आपल्या नवरत्नांत बसत नाहीं. तरी ‘पिरोजी’ हा रंग आपल्या बोलण्यांत चांगला रुळलेला आहे. शब्द मूळचा फारसी. इराणांत निशापूरजवळच्या खाणींतून निघणारा निळा खडा तो फिरोजा, व तोच आपल्याकडे पिरोजा किंवा पेरोज झाला.

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं या खड्याची एक आंगठी होती. कांहीं वर्षांत तिचा आकाशी निळा खडा शेवाळी हिरवा झाला, आणि वडील मंडळींनीं ठरवून टाकलें कीं, दुरुस्तीच्या वेळीं सोनारानें खडा बदलला. त्या गृहस्थाला पुन्हां दारांत उभें केलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं प्लिनी या रोमन ग्रंथकाराचें भाषांतर माझ्या वाचनांत आलें. हा इ. स. ७९ मध्यें वारला. विद्वान् ज्याला पिरोजा समजतात त्या खड्याविषयीं तो म्हणतो कीं, यांतले उत्तमोत्तम खडे तेल, उटणीं व मद्य यांच्या स्पर्शानें रंग गमावतात. आणि कांचेनें इतकी सोपी नक्कल दुसऱ्या कोणत्याहि रत्नाची होत नाहीं. हें वाचून मी चपापलों.

पिरोजा म्हणजे तांबें व अल्युमिनियम यांचें, पाण्याचा अंश असलेलें फॉस्फेट. निळाई तांब्याची, लोह मिसळलें कीं हिरवट झांक येते. खडा सच्छिद्र असल्यानें तेल, घाम, साबण सारें पितो. काठिण्य पांच ते सहा, म्हणजे स्फटिकाहूनहि कमी.

नकलेचा इतिहास प्लिनीच्याहि फार मागें जातो. सिनाई द्वीपकल्पांत सेराबीत-एल-खादिम येथें प्राचीन मिसरी लोक पिरोजा खणीत आणि तेथल्या हाथोर देवीला ‘पिरोजाची स्वामिनी’ म्हणत. तेच लोक गारेच्या भुकटीच्या मण्यांवर तांब्याची निळी झिलई चढवीत. यांत फसवणूक होती असें मला वाटत नाहीं. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत हिंडून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये सांगतो कीं, निशापूरच्या ‘जुन्या खाणी’चा माल इराणच्या शहानें स्वतःसाठीं राखून ठेवला होता. चांगला माल दुर्मिळ झाला कीं दुय्यम मालाला मागणी येते, हें ओघानेंच आलें.

फ्रान्समध्यें तर खड्याच्या जागीं हाडच आलें! १७१५ मध्यें रेओम्यूर या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, दक्षिण फ्रान्समधला ‘पिरोजा’ म्हणजे भट्टींत तापवून निळे केलेले प्राण्यांचे अश्मीभूत दांत होत. ती निळाई मँगेनीजची, हें मात्र २००१ सालीं ठरलें.

आजच्या काळीं तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पहिली निव्वळ नक्कल : हाऊलाइट व मॅग्नेसाइट हे पांढरे दगड रंगवून विकतात. भिंगाखालीं त्यांच्या भेगांत रंग सांचलेला दिसतो, व ॲसिटोनच्या कापसाला तो पुष्कळदां लागतो. दुसरी कृत्रिम खडे. झिल्सॉन यानें ते १९७२ सालीं बाजारांत आणले. तिसरी, आणि खरी घोटाळ्याची, म्हणजे संस्कार केलेला अस्सल पिरोजा. भुसभुशीत खड्यांत मेण किंवा राळ मुरवून त्याला मजबुती आणतात. असा खडा टिकतो बरा, आणि तसें सांगून विकला तर माझी तक्रार नाहीं. पण निसर्गतः घट्ट असलेल्या खड्याची किंमत त्याला पडावी हा अन्याय आहे. तापलेली सुई लावली तर राळेचा वास येतो खरा, पण डाग कायमचा पडतो, म्हणून दागिन्यावर हा प्रयोग कोणी करूं नये. प्रयोगशाळेंत अवरक्त किरणांच्या तपासणींत राळ खड्याला धक्का न लावतां ओळखतां येते.

आमची आंगठी मी अलीकडे एका परीक्षकाकडे नेली. त्यानें खडा कोंदणांतून सोडविला. बोटाला, तेलाला कधीं न लागलेली त्याची खालची बाजू अजून स्वच्छ निळी होती. खडा मूळचाच होता. सोनार जाऊन तेव्हां बरींच वर्षें झालीं होतीं. त्याच्या मुलाला मी हें सांगून आलों.