पृच्छा-प्राचले
पृच्छा-प्राचले : संगणकीय माहितीसंग्रहातून हवी तेवढीच माहिती मिळविण्यासाठी जालपत्त्याच्या अखेरीस प्रश्नचिन्हानंतर जोडण्यात येणाऱ्या ‘नाव=मूल्य’ अशा जोड्यांना पृच्छा-प्राचले म्हणतात. दोन जोड्यांच्या मध्ये ‘&’ हे चिन्ह असते. उदा., बाजारभावांच्या संग्रहास ‘?जिल्हा=गोंदिया&शेतमाल=धान&मर्यादा=१०’ अशी विचारणा केल्यास त्या जिल्ह्यातील धानाच्या पहिल्या दहा नोंदी मिळाव्यात, अशी अपेक्षा असते. अशी विचारणा एका संगणकाने दुसऱ्याकडे ठराविक नियमांनी करावी, यासाठी असलेल्या व्यवस्थेस एपीआय म्हणतात. प्रश्न कोणता विचारावयाचा हे संग्रहकर्त्याने आधी ठरवून न ठेवता विचारणाऱ्यावर सोपविणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

छापील संदर्भग्रंथांत अशी सोय नव्हती. आजचा गोंदिया जिल्हा ज्याचा भाग होता, त्या भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील माहिती संपादकाने योजिलेल्या क्रमानेच वाचावी लागे व वेगळ्या क्रमाने हवी असल्यास वाचकाने स्वतः पाने उलटून टिपणे काढावी लागत. संगणकाच्या आगमनानंतरही प्रारंभी फारसा फरक पडला नाही. कारण माहिती कशी साठविली आहे हे ठाऊक असल्यावाचून ती काढता येत नसे. ही अट दूर करणारी संबंधात्मक संग्रहांची कल्पना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. माहिती कोष्टकांत असावी व विचारणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे, ‘कसे शोधावे’ ते यंत्राने ठरवावे, हे तिचे सार होय. त्याच कंपनीतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या कल्पनेवर आधारलेली पृच्छा-भाषा सादर केली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने सर्वत्र रूढ झाली. तथापि ती वापरण्यासाठी संग्रहापर्यंत थेट प्रवेश असणे आवश्यक होते आणि तो मोजक्या कर्मचाऱ्यांनाच असे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत विश्वजालाची योजना मांडली. जालाच्या आरंभीच्या काळातच पत्त्यात प्रश्नचिन्ह आले. त्यापुढे शोधावयाचे शब्द अधिकचिन्हाने जोडून लिहीत. १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या केंद्राने जालावरील सेवासंगणक व स्वतंत्र आज्ञावली यांना जोडणारी सीजीआय ही व्यवस्था तयार केली आणि प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर प्रत्यक्ष माहितीसंग्रहापर्यंत पोहोचू लागला. जालपत्त्याचे नियम डिसेंबर १९९४ मध्ये, तर प्रपत्रातील रकाने ‘नाव=मूल्य’ या रूपात पाठविण्याचे नियम नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रमाणदस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात रेस्ट ही रचनाशैली विशद केली. त्यानंतर पत्ता म्हणजे एखाद्या साधनाचे नाव व प्रश्नचिन्हानंतरचा भाग म्हणजे त्यातील निवड, ही विभागणी प्रचारात आली.

साध्या समानतेच्या अटीवर गरज भागेना, तेव्हा ‘याहून अधिक’, ‘याहून कमी’, ‘अमुक रकान्याने क्रम लावा’, ‘एवढ्या नोंदी वगळा’ असे अर्थ प्राचलांतून व्यक्त करण्याच्या अनेक पद्धती निघाल्या. मायक्रोसॉफ्टने २००७ पासून विकसित केलेली ओडेटा ही त्यांपैकी सर्वांत पद्धतशीर होय. तिची चौथी आवृत्ती २०१४ मध्ये ओएसिस या संस्थेने प्रमाणित केली. फेसबुकमध्ये २०१२ साली सुरू झालेली व २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ग्राफक्यूएल ही भाषा मात्र पत्त्याची चौकट सोडून संपूर्ण प्रश्नच स्वतंत्र मजकूर म्हणून पाठविते. पत्त्यातील प्रश्नाला मात्र एक व्यावहारिक लाभ आहे : तो टिपून ठेवता येतो, दुसऱ्यास देता येतो व पुन्हा जसाच्या तसा विचारता येतो.

लवचिकतेबरोबर धोकाही येतो. बाहेरून आलेला मजकूर तपासल्यावाचून एसक्यूएलच्या वाक्यात गुंफल्यास विचारणारा मूल्याऐवजी आज्ञाच पाठवू शकतो. या दोषाचे जाहीर वर्णन १९९८ मध्ये झाले व तो अद्यापि आढळतो. म्हणून वाक्याचा साचा आधी निश्चित करून मूल्ये स्वतंत्रपणे पुरविणे, रकान्यांची व तुलनाचिन्हांची अनुमत यादी ठेवणे आणि एका वेळी मिळणाऱ्या नोंदींवर मर्यादा घालणे हे नियम पाळावे लागतात.

कोणत्याही संग्रहास कोणताही प्रश्न विचारता यावा, असेही नाही. महाराष्ट्राच्या महाभूलेख या भूमिअभिलेख-संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशी शिडी उतरूनच गट क्रमांकाने वा खातेदाराच्या नावाने सातबारा पाहता येतो. एखाद्या व्यक्तीची राज्यभरातील जमीन एका प्रश्नात मिळत नाही. या शिडीमुळे अभ्यासकाची अडचण होते हे खरे; पण खातेदाराचे खाजगीपणही तिनेच काही अंशी राखले जाते.

बाजारभाव हे स्वभावतःच सार्वजनिक असल्याने तेथे अशी शिडी नाही. केंद्र शासनाने मार्च २०१२ मध्ये माहितीच्या खुल्या वापराचे धोरण अधिसूचित केले व त्याच वर्षी खुल्या शासकीय माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले. ॲगमार्कनेट या व्यवस्थेकडे कृषी उत्पन्न बाजार समित्यांकडून येणारे दैनंदिन भाव तेथे एपीआयद्वारे उपलब्ध आहेत. विचारणाऱ्यास एक किल्ली-क्रमांक घ्यावा लागतो व राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण इ. रकान्यांवर गाळणी लावता येते. उत्तरात किमान, कमाल व सर्वसाधारण भाव क्विंटलमागे रुपयांत येतात.

गोंदियासारख्या धानउत्पादक जिल्ह्याबाबत विचारणा करताना या पद्धतीची खरी अडचण दिसते. यंत्र अक्षरे जुळवून पाहते, अर्थ जाणत नाही. जिल्ह्याचे नाव रोमन लिपीत जनगणनेने ‘वाय’ हे अक्षर घालून लिहिले, तर जिल्हा प्रशासन त्याविना लिहिते. मराठीत ज्यास तिरोडा म्हणतात, त्याचे रोमन लेखन ‘तिरोरा’ असे होते. अर्जुनी-मोरगाव व सडक-अर्जुनी हे दोन स्वतंत्र तालुके असल्याने केवळ ‘अर्जुनी’ची तंतोतंत जुळणी मागितल्यास एकही मिळणार नाही आणि अंशतः जुळणी मागितल्यास दोन्ही येतील. गोरेगाव म्हटल्यास मुंबईचे उपनगरही डोकावेल. धानाची नोंदही ‘साधा’, ‘बासमती’ असे शब्द कंसात जोडून केलेली असते. तांदूळ हा तर वेगळाच शेतमाल. देवनागरीत विचारावे, तर नियमानुसार पत्त्यात तिचे सांकेतिक रूपांतर करावे लागते. ‘गोंदिया’ या शब्दातील अक्षरे, मात्रा व अनुस्वार मिळून सात घटक होतात. प्रत्येकास नऊ चिन्हे लागून हे एक नाव ६३ चिन्हांचे बनते. ‘गोन्दिया’ असे लिहिल्यास उच्चार तोच राहतो, पण यंत्राच्या लेखी तो निराळा शब्द होय.

या सर्व प्रसंगी यंत्र बहुधा चूक झाल्याचे कळवीत नाही. ‘विचारणा यशस्वी, नोंदी शून्य’ असे उत्तर येते. नाव चुकले, समितीने त्या दिवशी भाव कळविले नाहीत की धान बाजारात आलेच नाही, यांतील भेद त्या शून्यात दिसत नाही. गोंदिया जिल्ह्यात तर पणन महासंघ व आदिवासी विकास महामंडळ यांच्या आधारभूत खरेदी केंद्रांवरही मोठ्या प्रमाणात धान विकले जाते. तो व्यवहार बाजार समित्यांच्या भावांत उमटत नाही. केवळ पृच्छेच्या उत्तरावरून तालुक्याची आवक ठरविणाऱ्याची फसगत होते, ती यामुळे.

नावांऐवजी संकेतांक वापरणे हा यावरील प्रचलित उपाय. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याचा संकेतांक ५०७ व भंडाऱ्याचा ५०६ आहे. लेखनभेदाचा प्रश्न त्याने सुटतो, काळाचा सुटत नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९९१ च्या जनगणनेस गोंदियाविषयी विचारल्यास जिल्हा म्हणून काहीच हाती लागत नाही आणि त्या वर्षाचे भंडाऱ्याचे आकडे २०११ च्या भंडाऱ्याशी ताडून पाहिल्यास जिल्ह्याची लोकसंख्या निम्म्याच्या आसपास आल्याचा भास होतो. अशा तुलनेसाठी आजच्या आठ तालुक्यांतील गावे जुन्या नोंदींत एकेक करून शोधावी लागतात व त्यांची बेरीज करावी लागते.